पाचव्या सीटवरचा आवाज

शर्वी लोहारला गाडी कधीच लागायची नाही. पन्हाळ्याचा घाट असो नाहीतर आंबोलीचा, ती मागच्या सीटवर बसून चिरमुरे खायची, गोष्टीचं पुस्तक वाचायची आणि वर नातेवाइकांच्या नकला करून सगळ्यांना हसवायची. पण सन २०४१ च्या जानेवारीत, एका शनिवारी भर दुपारी, घाट संपून केर्लीच्या पुढचा सरळसोट रस्ता लागल्यावर तिला ओकारी आली. घाटानं नाही, भज्यांनीही नाही. गाण्यानं!

"पप्पा, थांबवा, थांबवा!"

पप्पांनी गाडी कडेला घेतली. शर्वी आत्तीच्या मांडीवरून उडी मारून बाहेर पडली आणि उसाच्या कडेला वाकली. दादानं खिडकी वर केली. तो इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि माणुसकीत अजून नापास होता.

"भजी सोसली न्हाईत व्हय गं?" आत्तीनं विचारलं.

"भजी नाही आत्ती, गाणं. ते बंद करा आधी."

"गाण्याला काय धाड भरलीया? कसं मधावाणी वाजतंय!"

"मधावाणीच! मध सांडलाय आणि त्यावर माश्या बसल्यात, तसं."

पप्पा स्टेअरिंगवर बोटं वाजवत हसले. "दहावीचा अभ्यास डोक्यात गेलाय तिच्या. अगं, आयुष्यात एवढा आवाज जुळला नव्हता मला. ऐक की जरा!"

गाडीत बाकी चौघं खरोखर खूश होते. पुढं पप्पा आणि मम्मी, मागं एका खिडकीला दादा, दुसऱ्या खिडकीला आत्ती. आणि मधे शर्वी, कारण मधली सीट ही घरातल्या धाकट्याची जन्मठेप असते. पाठीला कडक, दोन्हीकडून कोपरं आणि डोक्यामागं उशी नाही. तिथं बसून तिला जे ऐकू येत होतं ते एक गाणं नव्हतंच. कुठूनतरी बास भदभद सांडत होता, कुठूनतरी गायिकेचा आवाज एकटाच लाळ गाळल्यासारखा ओघळत होता आणि या सगळ्यावर सुईसारखं काहीतरी चरचरत होतं. चौघांनी जेवून उठावं आणि त्यांच्या ताटातलं उष्टं एकत्र कालवून पाचव्याला वाढावं, अगदी तसं.

घरी येईपर्यंत तिनं कानात बोटं घालून ठेवली.

*

शर्वीचे पप्पा म्हणजे कोल्हापुरातल्या उद्यमनगरातले संग्राम मेस्त्री. गाडीत आवाज बसवावा तर त्यांनीच, असं सांगली-कराडपर्यंत म्हणायचे. पंचवीस वर्षांत त्यांनी दुकानात एकही मोजणीयंत्र येऊ दिलं नव्हतं. "मीटर बाजारात मिळतो, कान मिळत न्हाई," हे त्यांचं वाक्य दुकानाच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. काम झालं की गाडीची दारं लावायची आणि हलगी वाजवायची, ही त्यांची परीक्षा. तरुणपणी एका कुस्तीच्या मैदानात त्यांनी स्वतः ती हलगी रेकॉर्ड केली होती. हलगीचा कडकडाट अंगावर काटा आणणारा आला की गाडी पास. नाही आला तर रात्र झाली तरी गिऱ्हाईक बसून राहायचं.

अँप्लिफायरचं सगळं शास्त्र शर्वी पप्पांच्या मांडीवर बसून शिकली होती. गाणं मोबाइलमधून तारेत उतरतं तेव्हा इतकं अशक्त असतं की स्पीकरचा पडदासुद्धा हलवू शकत नाही. अँप्लिफायर त्याला ताकद देतो, आणि ती कशी देतो यावरून त्याचे क्लास पडतात. 'ए' क्लास म्हणजे पैलवान. गाणं असो-नसो, त्याच्यातून वीज वाहतच असते. खुराक मोठा, घाम मोठा, पण पकड सुटत नाही, आवाज नितळ. 'बी' क्लासमध्ये दोन गडी आळीपाळीनं काम करतात, एक ढकलणारा आणि एक ओढणारा. वीज वाचते, पण एकानं सोडून दुसऱ्यानं धरताना बारीकसा हिसका बसतो आणि तो कानाला कळतो. 'एबी'मध्ये पहिला गडी हात सोडायच्या आधीच दुसरा हात लावतो, म्हणून हिसका जवळजवळ नाहीसा होतो. आणि 'डी' क्लास तर गाण्याचे तुकडेच करतो. सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद, चालू-बंद. किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, यातच गाणं दडवतो आणि शेवटी एक गाळणी ते तुकडे सांधते. तापत नाही, बॅटरी खात नाही, सीटखाली मावतो.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. समोर कोण बसलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. सगळ्यांना एकच आवाज, आवडो न आवडो.

मग पुण्याच्या 'मंजुळ' कंपनीनं 'के' क्लास आणला. 'के' म्हणजे काय ते कंपनी लांबलचक सांगायची. उद्यमनगरानं ठरवून टाकलं, 'के' म्हणजे कान. आपला कान नुसता ऐकत नाही, तो स्वतः बारीक आवाजही करतो. कानाच्या आत केसांसारख्या पेशी असतात. आवाज आला की त्या थरथरतात आणि त्या थरथरीचा पुसट पडसाद उलटा बाहेर येतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऐकू येतं का, हे दवाखान्यात असंच तपासतात. जिथल्या पेशी मेल्या तिथून पडसाद येत नाही. 'के' क्लासचे माइक सीटच्या उशीत बसून हा पडसाद ऐकायचे, कुठला कान काय ऐकतो आणि कशानं सुखावतो ते शिकायचे, आणि उशीतल्याच बारक्या स्पीकरांतून ज्याला जे हवं ते त्याच्याच कानात घालायचे.

सहा महिन्यांत शहरातल्या गाड्यांमधली भांडणं संपली. "आवाज कमी कर," असं कुणी म्हणेना. शर्वीच्या शाळेच्या व्हॅनमध्ये मुली एकच गाणं ऐकत माना डोलवायच्या आणि खाली उतरल्यावर लक्षात यायचं की एकीनं ढोल ऐकला, दुसरीनं बासरी. गाणं कसं होतं यावर बोलायलाच काही उरायचं नाही. सगळ्यांचं उत्तर एकच. "भारी!"

हा शब्द शर्वीच्याही तोंडात बसला होता, आणि त्याचं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. गेली दोन वर्षं पप्पांनी जुळवलेल्या गाड्या टोचायच्या. हलगी पूर्वी कडाडायची, आता पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी कानात घुसायची. पप्पा दारं लावून विचारायचे, "कसा वाटतोय, शर्वे?" ती म्हणायची, "भारी, पप्पा." त्यांचा चेहरा असा उजळायचा की दुसरं काही म्हणवायचंच नाही.

*

सोमवारी शाळेतून आल्यावर शर्वी चावी घेऊन गाडीत बसली, पण या वेळी पप्पांच्या सीटवर. गाणं लावलं. पहिल्या क्षणी चरचरलं, मग दोन-तीन सेकंदांत आवाज निवळला आणि इतका सुंदर झाला की तिला स्वतःचाच राग आला. तिनं डोकं उशीपासून बाजूला नेलं. घाण! परत उशीवर टेकलं. स्वर्ग!

समोर डॅशबोर्डवर, पप्पांनी नुकत्याच बसवलेल्या 'के' क्लासची पितळी रंगाची चार बटनं होती. कंपनीनं खास मेस्त्री लोकांसाठी दिलेली. पप्पा त्या बटनांवर रोज तासभर घालवायचे. शर्वीनं वरच्या सुरांचं बटन पार डावीकडं फिरवलं. काही नाही. पार उजवीकडं. काही नाही. भिंतीवर काढलेल्या नळातून पाणी येईल म्हणून वाट बघावी, तसं.

मग तिनं दुकानाचा पासवर्ड टाकून स्क्रीनवर मेस्त्रींचं पान उघडलं. तिथं सरळ मराठीत लिहिलं होतं:

चालक (कायमचा). उजवा कान: चार हजार हर्ट्झच्या वर प्रतिसाद नाही. डावा कान: पाच हजारच्या वर प्रतिसाद नाही. भरपाई: चालू. मेस्त्री-बटनं: दर्शनी.

शर्वीनं ते तीनदा वाचलं. हलगीचा कडकडाट, टाळांची किणकिण, बोलण्यातला 'स', सगळं चार हजारच्या वरच तर राहतं. तरुणपणी पप्पांनी मिरवणुकांच्या ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर उभे केले होते आणि त्यांच्यासमोर उभं राहून जुळवले होते. त्याचं हे फळ. ऐकू येत नव्हतं म्हणून ते गिऱ्हाइकांच्या गाड्यांत वरचे सूर वाढवत गेले, वाढवत गेले. आणि आता बटनं मेलेली, म्हणून कुणाला टोचतही नव्हतं.

मंगळवारी कंपनीचे देवस्थळी सर आले, रविवारी पप्पांबरोबर व्हायच्या कराराच्या कार्यक्रमाचं ठरवायला. तिशीतला हसरा माणूस. पप्पा मिसळ सांगायला बाहेर गेले होते तेवढ्यात एक प्लेट आलीच, आणि सर एका हातानं पाव बुडवत दुसऱ्या हातानं टॅब चाळत बसले.

"सर, बटनं दर्शनी म्हणजे काय हो?" शर्वीनं विचारलं.

ते दचकले नाहीत. उलट खूश झाले. "अरे वा, पान उघडलंस! हुशार आहेस. दर्शनी म्हणजे शोभेची. माणसाला काहीतरी फिरवायला लागतं गं. फिरवल्यावर बरं वाटतं, आणि बरं वाटलं की कानाचा पडसादसुद्धा सुधारतो. आम्ही मोजलंय."

"मग रविवारी पप्पा कशावर सही करणार?"

"त्यांच्या नावावर! यापुढं प्रत्येक 'के' क्लासवर येणार, 'संग्राम मेस्त्रींनी कानानं जुळवलेला'. महाराष्ट्रभर."

"पण ते जुळवतच नाहीत. आणि त्यांना तर..."

"ऐकू येत नाही, माहितीये. पहिल्याच दिवशी कळलं आम्हाला." त्यांनी बोटाला लागलेली तर्री चाटली आणि त्याच ओल्या बोटानं टॅबवर पप्पांच्या कानाचा नकाशा सरकवून तिला दाखवला. अर्धा हिरवा, अर्धा काळा. काळ्यावर तांबडा तेलकट ओघळ उमटला. "म्हणून तर त्यांना निवडलं. ज्याला कमी ऐकू येतं त्यालाच आमचा आनंद सगळ्यात जास्त होतो. त्यांचा चेहरा बघितलास ना? एकदम खरा आहे तो. अभिनय नाही."

शर्वीनं टॅब परत त्यांच्याकडं ढकलला. या माणसाला तिचा बाप म्हणजे चव घेऊन बघायची एक प्लेट होता.

"त्यांना सांगितलंत का?"

"कशाला? कुणाचं काय बिघडलंय, सांग बरं?"

*

तिनं मम्मीला सांगितलं. मम्मी भाकरी थापत होती. तिचा हात थांबलासुद्धा नाही.

"मला ठाऊक हाय."

"काय?"

"शिट्टी झालेली त्यांना ऐकू येत न्हाई, बेल वाजलेली ऐकू येत न्हाई. नवरा-बायको म्हटल्यावर कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस?" मम्मीनं भाकरी तव्यावर टाकली. "चार माणसांत मान मिळतोय, मिळू दे. रविवार होऊन जाऊ दे. गप ऱ्हा."

शर्वी गप राहिली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. आणि गप राहता राहता तिला सगळ्या घराचीच किळस यायला लागली. मम्मी उशी होती, आत्ती उशी होती, आणि सगळ्यात मऊ, सगळ्यात चिकट उशी शर्वी स्वतः. पप्पांना जे ऐकायला आवडतं ते बरोबर त्यांच्या कानात घालणारी. देवस्थळींनी निदान यंत्र तरी बनवलं होतं. तिनं तर हे काम तोंडानं केलं होतं, फुकट.

आणि आता संग्राम मेस्त्री आपलं नाव मेलेल्या बटनांवर लावणार होते. आज ना उद्या हे कुणाला तरी कळणार, आणि मग उद्यमनगर हसणार. बोलावं तर त्यांचा कान जातो, न बोलावं तर नाव.

रविवारी सकाळी दुकानासमोर मांडव पडला. दीडशे खुर्च्या, हार, जिलेबी, आणि मधोमध पप्पांची धुतलेली गाडी. पप्पा फेटा बांधून तयार. शर्वीनं त्यांचा हात धरला.

"पप्पा, एकदा हलगी लावून बघूया. गाडीत."

"आत्ता? लोक बसल्यात की."

"पाच मिनिटं. पण मागं बसायचं. मधल्या सीटवर."

"मला काय बारकं पोर समजलीस?" ते हसले, पण बसले. फेटा छताला टेकला. शर्वी शेजारी बसली, दारं लावली आणि हलगी लावली.

पप्पा ऐकत राहिले. कपाळावर आठी पडली. "काय झालं याला? पोतं बडवल्यागत काय वाजतंय?" ते उतरले, पुढं आपल्या सीटवर जाऊन बसले. हलगी कडाडली. पप्पांचा चेहरा सैल झाला. पुन्हा मागं आले. पुन्हा पोतं. ते पुन्हा पुढं गेले आणि तिसऱ्यांदा मागं आले, आणि या वेळी दार लावल्यावर त्यांचा हात दारावरच राहिला.

"उशी हाय तिथं वाजतंय," ते हळू म्हणाले. "न्हाई तिथं वाजत न्हाई."

"हो."

"म्हणजे हलगी बिघडलेली न्हाई."

"नाही, पप्पा." शर्वीनं पुढं वाकून स्क्रीनवर मेस्त्रींचं पान उघडलं, आणि चार हजारची ओळ व बटनांपुढचा 'दर्शनी' हा शब्द त्यांनी स्वतः वाचला.

बाहेर माइकवर कुणीतरी त्यांचं नाव पुकारत होतं. पप्पांनी उजव्या कानापाशी दोन बोटं एकमेकांवर घासली. मग डाव्या कानापाशी. शर्वीला ती घासण्याची खसखस शेजारी बसून स्पष्ट ऐकू येत होती.

"तुला हितं मधी बसल्यावर कसं ऐकू येतंय?"

"ओकारी येते."

"आन मी बसवलेल्या बाकीच्या गाड्या? आधीच्या?"

आता मागं फिरायला रस्ता नव्हता. "टोचतात. वरचं फार होतं. दोन वर्षं झाली."

पप्पांनी तिच्याकडं बघितलं. कान गेल्याचं त्यांनी गिळलं होतं. हे गिळलं जात नव्हतं. "दोन वर्षं? आन दर गाडीला मला भारी पप्पा, भारी पप्पा?"

"तुम्ही खूश व्हायचा, म्हणून..."

"शी!" पप्पा म्हणाले. एवढंच. आयुष्यात कधी त्यांनी तिला हात लावला नव्हता, पण या एका अक्षरानं तिचा गाल पेटला. ते उतरले आणि फेटा सावरत मांडवात गेले.

देवस्थळी सरांनी टॅब पुढं केला. "इथं सही, मेस्त्री."

"करतो की," पप्पा माइकमध्येच म्हणाले. "पण माझ्या नावाखाली एक ओळ घाला. याला चार हजारच्या वर ऐकू येत न्हाई. आन बटनांखाली लिवा, शोभेची. मग करतो."

एक म्हातारे ड्रायव्हर जिलेबी हातात धरून तसेच राहिले.

"मेस्त्री, असं कसं लिहिता येईल?" सर हसत, दातांतून म्हणाले. "आपण आत बसून बोलू."

"आत बसून आलोय मी. मधल्या सीटवर."

*

सही झाली नाही. जिलेबी मात्र संपली. पप्पांनी त्याच संध्याकाळी गाडीतला 'के' क्लास उचकटून काढला आणि कंपनीच्या खोक्यात परत भरला. शर्वीशी ते बोलले नाहीत. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. जेवताना मीठसुद्धा दादाकडं मागायचे. मम्मी तिच्याकडं बघायची, म्हणजे मी सांगितलं होतं न्हवं, असं.

शुक्रवारी एक रिकामी स्कूल व्हॅन दुकानात आली. जुना 'एबी' क्लास, एका बाजूनं खरखरणारा. पप्पांनी दुपारभर तारा बदलल्या, पट्ट्या चिकटवल्या. शर्वी शाळेतून येऊन पायरीवर बसली होती. त्यांनी व्हॅनचं पुढचं दुसरं दार आतून ढकलून उघडलं आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "बस."

ती बसली. दार लागलं. हलगी सुरू झाली.

"कसा?"

शर्वीच्या जिभेवर सवयीनं तो जुना शब्द आलाच. तो तिनं परत आत ढकलला. त्याची चवसुद्धा घाण होती.

"भंगार, पप्पा."

पप्पांचा जबडा हलला. "कुठं भंगार?"

"वर. कानात खिळा मारल्यासारखं."

त्यांनी बटन मागं घेतलं. "आता?"

"आता बुळबुळीत."

"तुझ्या मायला! नीट सांग की!"

"नीटच सांगते! घशात शेंबूड अडकलेल्या माणसानं हलगी वाजवल्यागत वाटतंय, आता यापेक्षा नीट काय सांगू?"

पप्पांनी मान वळवून पाच दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. अजून राग होता. पण त्यांनी बटनावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

शर्वीनं हात पुढं केला, डोळे मिटले आणि बटन केसभर फिरवलं. आवाज बदलला.